चाललं, पण भरवसा ठेवायचा का? खुल्या प्रोसेसरवरचं नेटवर्क स्टोरेज

समजा, पीएचडीच्या प्रस्तावात तुम्ही लिहिलंत, ‘खुल्या प्रोसेसरवर नेटवर्क स्टोरेजचं सॉफ्टवेअर चालवून दाखवणे’. मुलाखतीत समितीतलं कुणीतरी चष्म्यावरून बघत हमखास विचारणार, “बरं, चाललं. मग पुढे?” या ‘मग पुढे’ला उत्तर नसेल तर प्रस्ताव तिथेच संपतो. आणि उत्तर असेल तर तीन-चार वर्षांचं काम समोर उभं राहतं. आज आपण ते उत्तर शोधू. विषय संगणकशास्त्रातला असला तरी प्रश्न घडवायची पद्धत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्रवाल्यांनाही उपयोगी पडेल.

आधी शब्द समजून घेऊ

नेटवर्क स्टोरेज म्हणजे एका संगणकाला डिस्क जोडलेल्या असतात आणि बाकीचे संगणक नेटवर्कवरून त्या आपल्याच असल्यासारख्या वापरतात. कॉलेजची लॅब, लग्नाचं शूटिंग करणारा स्टुडिओ, सीएचं ऑफिस, सगळीकडे हे दिसतं. आत तीन थर असतात. वर एनएफएस किंवा सांबासारखं, नेटवर्कवर फाइल देणारं सॉफ्टवेअर. त्याखाली एक्सटी-फोर किंवा झेडएफएससारखी फाइल सिस्टिम. सगळ्यात खाली ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल.

या सगळ्यांच्या तळाशी प्रोसेसर. प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांची जी यादी असते, तिला इन्स्ट्रक्शन सेट म्हणतात. आपल्या लॅपटॉपमधल्या एक्स-८६ची मालकी मोजक्या कंपन्यांकडे आहे. मोबाइलमधल्या आर्मसाठी परवाना विकत घ्यावा लागतो. २०१० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे सुरू झालेला रिस्क-फाइव्ह हा इन्स्ट्रक्शन सेट मात्र कुणीही, परवाना शुल्क न देता वापरू शकतं.

इथे एक घोळ नेहमी होतो. इन्स्ट्रक्शन सेट खुला आहे म्हणजे चिपही खुली, असं नाही. देवनागरी लिपी कुणाच्या मालकीची नाही, पण त्या लिपीत लिहिलेलं पुस्तक लेखकाच्या मालकीचं असतंच की! तसंच रिस्क-फाइव्हवर बनलेल्या चिपचा आतला आराखडा बंद असू शकतो. प्रस्तावात ‘खुला’ हा शब्द वापरताना काय खुलं आहे ते लिहा.

पुणे आणि पवई

‘एक्स-८६ स्वस्तात मिळतं, मग हा खटाटोप कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी फार लांब जायला नको, पुण्यापर्यंत जाऊ.

अमेरिकेकडून क्रे महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्यात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते. समांतर गणनेसाठी कल्पना झकास होती, पण ट्रान्सप्युटरची वाट पुढे बंद झाली. मग परमच्या पुढच्या पिढ्या इंटेलच्या आय-८६०कडे, नंतर सनच्या स्पार्ककडे आणि ‘परम पद्म’च्या वेळी आयबीएमच्या पॉवर-४कडे गेल्या. साधारण बारा वर्षांत चार वेगवेगळे इन्स्ट्रक्शन सेट. दर वेळी खालची जमीन बदलली की वरचं सॉफ्टवेअर पुन्हा बसवायचं.

दुसरं उदाहरण पवईचं. आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई आणि सहकाऱ्यांनी ‘अजित’ हा प्रोसेसर तयार केला, २०१९ मध्ये त्याची माहिती जाहीर झाली. पहिली चिप मोहालीच्या सेमी-कंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्रावर बनली आणि तिचा वेग सुमारे ७० ते १२० मेगाहर्ट्झ सांगितला गेला. अजित रिस्क-फाइव्ह वापरत नाही, तो स्पार्कच्या आठव्या आवृत्तीवर, म्हणजे आणखी एका खुल्या इन्स्ट्रक्शन सेटवर चालतो. ही आवृत्ती १९९४ मध्ये आयईईईचं मानक झाली होती.

म्हणजे ‘खुला प्रोसेसर’ या एका शब्दाखाली निदान दोन अगदी वेगळी कुळं आहेत. ६४-बिट रिस्क-फाइव्हच्या कुळात आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचे ‘वेगा’ येतात. दुसरं कूळ अजितचं, ३२-बिट स्पार्कचं. आता एकच सॉफ्टवेअर दोन्हींवर ठेवून बघू.

पहिली पायरी : कंपाइल होतंय का?

रिस्क-फाइव्हवर ही पायरी आज बऱ्यापैकी सोपी झाली आहे. लिनक्स कर्नलमध्ये रिस्क-फाइव्हचा आधार २०१८ च्या जानेवारीत आला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ६४-बिट रिस्क-फाइव्हला अधिकृत यादीत घेतलं. त्यामुळे सांबा, एनएफएस सर्व्हर वगैरे पॅकेजेस तयार मिळतात. ट्रूनॅससारखी सगळं एकत्र बांधून देणारी प्रणाली मात्र अधिकृतपणे एक्स-८६ साठीच मिळते, त्यामुळे सुट्या भागांतून जोडकाम आपल्यालाच करावं लागतं.

स्पार्कचं उलट झालं. मानक खुलं असूनही डेबियनने २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून स्पार्क अधिकृत यादीतून काढलं. बघा, नियम खुले असणं आणि ते पाळणारी माणसं टिकून असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गंमत अशी की नेटवर्क स्टोरेजचा जन्मच एक्स-८६ च्या घरातला नाही. एनएफएस १९८४ मध्ये सन कंपनीत तयार झालं, तेव्हा सनच्या यंत्रांत मोटोरोलाचे प्रोसेसर होते. झेडएफएसही सनचंच. त्यामुळे ‘समोरचा प्रोसेसर वेगळा असेल’ ही शंका या सॉफ्टवेअरच्या रक्तातच आहे. ती कुठे दिसते? बाइटच्या क्रमात.

हा क्रम मराठी माणसाला पटकन कळतो. आपण ‘२५’ लिहिताना दोन आधी लिहितो, पण बोलताना पाच आधी म्हणतो, पंच-वीस. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला आठवतंय ना? प्रोसेसरमध्ये हाच वाद जुना आहे. स्पार्क मोठा बाइट आधी ठेवतो, एक्स-८६ आणि रिस्क-फाइव्ह लहान बाइट आधी. चार बाइटमध्ये लिहिलेला १ हा आकडा उलट्या क्रमाने वाचला तर १,६७,७७,२१६ होतो. फाइलची लांबी अशी वाचली गेली तर काय होईल, विचार करा!

यावर प्रत्येकाने वेगळा तोडगा काढला. एनएफएस तारेवर नेहमी मोठा बाइट आधी पाठवतं. एक्सटी-फोर डिस्कवर नेहमी लहान बाइट आधी लिहितं. झेडएफएस लिहिणाऱ्या यंत्राच्या क्रमाने लिहितं आणि तो क्रम कोणता होता याची खूण सोबत ठेवतं. त्यामुळे डिस्क एका कुळातून काढून दुसऱ्यात लावली तरी वाचता येते. हे प्रत्यक्ष करून बघणं हा एक छोटा, स्वच्छ प्रयोग आहे.

३२-बिटची भिंत वेगळीच. ३२-बिट लिनक्सवर डिस्कचे ४०९६ बाइटचे तुकडे ३२-बिट क्रमांकाने मोजले जातात. ४०९६ गुणिले दोनचा बत्तिसावा घात म्हणजे १६ टेबिबाइट. त्यापुढची डिस्क लावली तर क्रमांकच संपतात. आज मोठ्या डिस्क या आकड्यापुढे गेल्या आहेत.

दुसरी पायरी : वेग

वेगाबद्दल लिहिताना बरेच जण ‘स्लो आहे’ एवढंच लिहितात. त्यापेक्षा पाठीमागच्या कोऱ्या पानावर एक हिशोब करा.

गिगाबिट नेटवर्क सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट नेतं. सहज मिळणारा रिस्क-फाइव्ह बोर्ड म्हणजे व्हिजनफाइव्ह-२, त्यात १.५ गिगाहर्ट्झचे चार कोअर आहेत. १५० कोटी भागिले १२.५ कोटी म्हणजे एका कोअरकडे दर बाइटमागे १२ क्लॉक. चारही कोअर लावले तर ४८. एवढ्या बजेटमध्ये नेटवर्कचं पाकीट उघडायचं, डेटा हलवायचा, चेकसम काढायचा आणि हवं असेल तर एन्क्रिप्शन करायचं.

डिस्क अडवेल का? बोर्डावरचा एम-डॉट-टू स्लॉट पीसीआयई दुसऱ्या पिढीच्या एका लेनचा आहे, सेकंदाला ५०० मेगाबाइटपर्यंत. म्हणजे डिस्कपेक्षा नेटवर्क आधी भरेल, आणि एन्क्रिप्शन लावलं तर कदाचित प्रोसेसर त्याहून आधी. कारण लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये एईएस एन्क्रिप्शनसाठी खास आज्ञा असतात, एकदम अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या व्हेक्टर आज्ञाही असतात. या बोर्डाच्या कोअरमध्ये दोन्ही नाहीत, सगळं साध्या आज्ञांनी करावं लागतं. झेडएफएसमध्ये हलका फ्लेचर चेकसम निवडला की एसएचए-२५६, यावरही निकाल पालटू शकतो. कारण साध्या आज्ञांनी केलेल्या एसएचए-२५६ ला दर बाइटमागे दहाहून जास्त क्लॉक सहज लागू शकतात.

रिस्क-फाइव्हमध्ये या आज्ञा नाहीतच का? आहेत, पण मूळ संचात नाहीत. त्या नंतर जोडलेल्या विस्तारांत येतात आणि कोणता विस्तार घ्यायचा ते चिप बनवणारा ठरवतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या आरव्हीए-२३ या आराखड्याने व्हेक्टर आज्ञा सक्तीच्या केल्या. म्हणून ‘रिस्क-फाइव्ह हळू आहे’ हे वाक्य शास्त्रीय नाही. कोणती चिप, कोणते विस्तार, कोणता चेकसम, हे लिहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

हाच हिशोब अजितच्या पहिल्या चिपला लावा. १०० मेगाहर्ट्झ धरले तर गिगाबिटसाठी दर बाइटमागे ०.८ क्लॉक. म्हणजे एक बाइट हलवायला एक आज्ञासुद्धा पुरत नाही, नेटवर्क भरणं अशक्य. पण १०० मेगाबिटच्या नेटवर्कवर दर बाइटमागे ८ क्लॉक मिळतात, म्हणजे निदान विचार सुरू करता येतो. हातात बोर्ड येण्याआधीच तुम्हाला कळलं की कोणता प्रयोग करण्यात अर्थ आहे. मुलाखतीत असा एक भागाकार दहा स्लाइडपेक्षा जास्त बोलतो.

तिसरी पायरी : क्रमाचा भरवसा

आता खरा ‘मग पुढे’ सुरू होतो.

हॉस्टेलच्या मेसची कल्पना करा. आचारी ताट वाढतो आणि घंटा वाजवतो. घंटा ऐकून तुम्ही ताट उचलता. इथे एक गोष्ट गृहीत आहे, ताट आधी आणि घंटा नंतर. एक्स-८६ प्रोसेसर एका कोअरने केलेली लेखनं दुसऱ्या कोअरला त्याच क्रमाने दाखवतो. रिस्क-फाइव्हचा नियम सैल आहे. मध्ये ‘थांब, आधीचं पूर्ण होऊ दे’ अशी फेन्स नावाची आज्ञा घातली नाही, तर दुसऱ्या कोअरला घंटा आधी ऐकू येऊ शकते. ताट रिकामंच!

स्टोरेजमध्ये ‘ताट’ म्हणजे डेटा आणि ‘घंटा’ म्हणजे ‘डेटा तयार आहे’ ही खूण. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये फेन्स राहून गेली असेल, तर ते एक्स-८६ वर वर्षानुवर्षं नीट चालेल आणि रिस्क-फाइव्हवर लाखातून एकदा जुना किंवा अर्धवट डेटा डिस्कवर उतरवेल. कोणतीही एरर नाही, कुठेही नोंद नाही.

स्पार्कच्या आठव्या आवृत्तीत अडचण निराळी आहे. ‘जागेवर अमुक किंमत असेल तरच बदल’ अशी एका दमात तुलना करून बदलणारी आज्ञा तिच्यात नाही. नुसती अदलाबदल करणारी आहे. मग लिनक्सला अशा कामांसाठी कुलूप लावून तेच साधावं लागतं. निकाल बरोबर येतो, पण वेळ जातो.

आता एक सापळा सांगते. बोर्ड नाही म्हणून बरेच विद्यार्थी क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये, लॅपटॉपवरच रिस्क-फाइव्ह चालवतात. कंपाइल होतंय का, फाइल वाचता येते का, हे तपासायला ते उत्तम आहे. पण लॅपटॉप स्वतः एक्स-८६ आहे, त्याचा कडक क्रम एम्युलेटरमधल्या प्रोसेसरलाही फुकटात मिळतो. त्यामुळे फेन्सची चूक तिथे सहसा उघडी पडणारच नाही. चाचणी हजार वेळा पास झाली तरी या प्रश्नाबद्दल तुम्हाला जवळजवळ काहीच कळलेलं नसतं. कोणतीही चाचणी करण्याआधी स्वतःला विचारा, ‘चूक असती तर ही चाचणी नापास झाली असती का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर ती चाचणी प्रबंधात घालू नका.

चौथी पायरी : वीज गेली तर?

वसई-विरारमध्ये राहणाऱ्याला हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. जून सुरू झाला की दिवे लुकलुकायला लागतात. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचून लोकल थांबल्या होत्या, तेव्हा वीज जाणं म्हणजे काय ते सगळ्यांनीच पाहिलं. अशा ठिकाणी ज्याच्या स्टुडिओत लग्नाच्या शूटिंगची एकुलती एक प्रत सर्व्हरवर आहे, त्याला सेकंदाला किती मेगाबाइट हे नको असतं. ‘सेव्ह झालं’ असं दिसलं, म्हणजे खरंच झालं का, एवढंच त्याला हवं असतं.

‘सेव्ह झालं’ ही वचनांची साखळी आहे. १९९५ च्या एनएफएस तिसऱ्या आवृत्तीपासून सर्व्हर डेटा नुसता मेमरीत घेऊन ‘मिळाला’ म्हणू शकतो. पक्कं हवं असेल तर क्लायंट ‘कमिट’ मागतो. सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत एक खूण पाठवतो आणि तो मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला तर ती खूण बदलते. क्लायंटला कळतं की कमिट न झालेलं सगळं पुन्हा पाठवायला हवं. सर्व्हरवर फाइल सिस्टिम डिस्कला सांगते, ‘तुझ्या तात्पुरत्या मेमरीतलं खरं लिहून टाक.’ साखळीतल्या एकाने जरी खोटं ‘हो’ म्हटलं, तरी बाकीच्यांच्या प्रामाणिकपणाचा उपयोग नाही.

नव्या प्रोसेसरवर, नव्या बोर्डावर, नव्या ड्रायव्हरसह ही साखळी टिकते का? हा मोजता येणारा प्रश्न आहे. प्रयोग असा : क्लायंट क्रमांक आणि चेकसम असलेल्या नोंदी लिहितो. कमिट मिळालेल्या क्रमांकांची यादी तिसऱ्या यंत्रावर ठेवतो. मध्येच सर्व्हरची वीज तोडायची, तीही अनियमित वेळी, रिलेने. पुन्हा सुरू झाल्यावर यादीतली प्रत्येक नोंद जागेवर आहे का ते बघायचं. हेच, तीच डिस्क लावून, एक्स-८६ वर आणि आर्मवरही करायचं. डिस्क बदलली तर तुम्ही प्रोसेसर मोजताय की डिस्क, हे कळणार नाही.

आणि किती वेळा वीज तोडायची? १०० वेळा तोडून एकदाही नोंद हरवली नाही, तर ‘सुरक्षित आहे’ असं लिहिता येत नाही. संख्याशास्त्रातला तीनचा नियम सांगतो की शून्य अपयशं असताना, ९५ टक्के विश्वासाने, अपयशाचं प्रमाण तीन भागिले चाचण्यांची संख्या इतकं असू शकतं. म्हणजे १०० चाचण्यांनंतरही ते ३ टक्के असू शकतं. एक दशांश टक्क्यावर आणायचं तर ३००० वेळा वीज तोडायला हवी. म्हणून रिले, म्हणून आपोआप चालणारी स्क्रिप्ट, आणि म्हणूनच हे एका सेमिस्टरचं काम नाही.

प्रस्ताव पुन्हा लिहू

आता तेच वाक्य बघा. ‘खुल्या प्रोसेसरवर नेटवर्क स्टोरेज चालवून दाखवणे’ हे काम आहे, त्याला प्रश्न म्हणता येत नाही. प्रश्न असा होईल : ‘अमुक रिस्क-फाइव्ह बोर्डावरच्या एनएफएस सर्व्हरने कमिट दिलेल्या नोंदी वीज गेल्यावर हरवण्याचं प्रमाण, त्याच डिस्कसह चालणाऱ्या एक्स-८६ सर्व्हरपेक्षा वेगळं आहे का? असल्यास, कारण ड्रायव्हरमध्ये आहे, फाइल सिस्टिममध्ये की मेमरीच्या क्रमात?’ यात ‘हो’ आलं तरी निकाल आहे, ‘नाही’ आलं तरी निकाल आहे. समितीला हेच हवं असतं.

‘नाही’ या उत्तराची किंमत कमी समजू नका. सी-डॅकने डिसेंबर २०२५ मध्ये ‘ध्रुव-६४’ हा १ गिगाहर्ट्झचा, दोन कोअरचा, ६४-बिट रिस्क-फाइव्ह प्रोसेसर जाहीर केला. असे प्रोसेसर उद्या सरकारी कार्यालयांत आणि कॉलेजांत पोचले, तर सातबारा आणि गुणपत्रिका त्यांच्यावर ठेवायच्या का, हे कुणाला तरी ठरवावं लागेल. तेव्हा ठरवणाऱ्याच्या टेबलावर चाचण्यांचे आकडे असायला हवेत.

सुरुवात करायची असेल तर या शनिवार-रविवारी दोन गोष्टी करा. क्यूईएमयूमध्ये डेबियन १३ ची रिस्क-फाइव्ह आवृत्ती बसवा आणि त्यावर एनएफएस सर्व्हर सुरू करा. मग वहीत दोन रकाने आखा. एकात ही मांडणी कोणत्या प्रश्नांचं उत्तर देऊ शकते ते लिहा, दुसऱ्यात कोणत्या प्रश्नांचं देऊ शकत नाही ते. दुसरा रकाना लांब झाला तर घाबरू नका, विषय तिथूनच निघतो.